विश्रांती पुरे, आता सोबत द्या

कॅन्सरचे उपचार संपले की बऱ्याच घरांत एक नवीन नियम सुरू होतो: 'तुम्ही बसून राहा, आम्ही बघतो सगळं.' भाजी आणणं बंद, जिना चढणं बंद, नातवाला कडेवर घेणं तर दूरच. यामागे माया असते, यात शंका नाही. पण वर्ष उलटलं तरी हा नियम सुटत नाही आणि हिंडूफिरू शकणारा माणूस पलंग आणि टीव्ही यांच्यात अडकून पडतो. माझं मत स्पष्ट आहे: या विश्रांतीने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं.

रुग्ण सांगतात, 'डॉक्टर, अंगात त्राणच नाही, चालू कसा?' ही तक्रार खरी आहे. केमो आणि रेडिएशननंतरचा थकवा दिवसभर काम केल्यावर येतो तसा नसतो. तो रात्रभर झोपूनही जात नाही. पण त्यावर आणखी झोपणं हा उपाय नाही. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झडतात, दम कमी होतो, मग चार पावलं चालली तरी धाप लागते आणि माणूस पुन्हा आडवा होतो. हे चक्र हालचालीनेच तुटतं. कॅन्सरनंतरचा थकवा, चिंता आणि नैराश्य नियमित व्यायामाने कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे.

आता त्याहून मोठी गोष्ट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा 'चॅलेंज' नावाचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. यात मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले 889 रुग्ण होते. सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो आधीच पूर्ण झालं होतं. त्यांचे दोन गट केले. एका गटाला व्यायाम आणि आहाराची माहितीपत्रकं दिली. दुसऱ्या गटाला ती माहिती तर दिलीच, शिवाय तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक दिला. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात शंभरातले सुमारे 90 जण हयात होते, तर नुसत्या माहितीच्या गटात सुमारे 83. कॅन्सर उलटण्याचं प्रमाणही व्यायामाच्या गटात कमी होतं. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पडला असता, तर त्याची किती चर्चा झाली असती!

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. हा अभ्यास एकाच प्रकारच्या कॅन्सरचा आहे, त्यातले आकडे सगळ्या कॅन्सरना लावता येत नाहीत. आणि व्यायाम उपचारांनंतर होता, उपचारांऐवजी नव्हता. 'चालून कॅन्सर बरा होतो' असा मेसेज कोणी पाठवला, तर तो पुढे पाठवू नका.

मला या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. माहिती दोन्ही गटांकडे होती. एका गटाकडे जास्तीचं होतं ते विचारपूस करणारं माणूस. पहिलं वर्ष साधारण दर पंधरा दिवसांनी आणि पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा कोणीतरी त्यांना विचारत होतं, 'किती चाललात? काय अडचण आली?' फरक पडला तो या गटात.

आपल्याकडे काय होतं? डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, पुढच्या स्कॅनची तारीख असते. व्यायामाबद्दल बहुधा एक ओळही नसते. आम्ही डॉक्टर फार तर 'थोडं चालत जा' म्हणतो. तेवढ्याने कोणी चालत नाही. किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, कोणती काळजी घ्यायची, हे गोळ्यांसारखंच लिहून द्यायला हवं आणि प्रत्येक भेटीत विचारायला हवं. आणि घरच्यांनी 'बसा' म्हणण्याऐवजी 'चला, मी येतो बरोबर' म्हणायला हवं.

सुरुवात कशी करायची? सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, तेही जमत नसेल तर पाच. दर आठवड्याला थोडं वाढवा. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा तास भरभर चालणं, हे पहिलं ध्येय. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं.

स्तनाच्या ऑपरेशननंतर 'त्या हाताने काही उचलू नका' असं अनेक बायकांना सांगितलेलं असतं. पण हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केल्याने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. फक्त सुरुवात फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करा.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये: कॅन्सर हाडांत पसरलेले, हृदयावर औषधांचा परिणाम झालेले, रक्त किंवा प्लेटलेट फार कमी असलेले, पोटावर पिशवी असलेले. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर पडण्याची भीती असते, म्हणून चांगले बूट घाला आणि अंधारात चालू नका. ताप असेल त्या दिवशी विश्रांतीच घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हाडात नवीन दुखणं सुरू झालं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. व्यायामाने स्नायू-सांधे दुखावू शकतात. 'चॅलेंज'मध्येही अशा तक्रारी व्यायामाच्या गटात थोड्या जास्त होत्या. म्हणूनच घाई नको.

पुढच्या फॉलोअपला जाल तेव्हा फाइल पुढे करून एवढंच म्हणा, 'डॉक्टर, माझा व्यायाम यावर लिहून द्या.' आणि घरच्यांपैकी जे बरोबर आले असतील, त्यांनी तो कागद वाचून संध्याकाळी चपला घालून दारात उभं राहावं.