एक्सबॉक्सची खोटी वंशावळ

सेगानं ड्रीमकास्ट हा आपला गेम कन्सोल बंद केला आणि मायक्रोसॉफ्टनं तोच एक्सबॉक्स या नावानं पुन्हा बाजारात आणला, असं छातीठोकपणे सांगणारे गेमवेडे आता गल्लोगल्ली भेटतात. त्यांचे पुरावे ठरलेले असतात. ड्रीमकास्टच्या अंगावर विंडोज सीईचं चिन्ह छापलेलं होतं. दोघांचे कंट्रोलर भाऊभाऊ दिसतात. सेगाचे गेम पुढे एक्सबॉक्सवर आले. सेगाच्या अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष पीटर मूर तर थेट मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. गोष्ट ऐकायला झकास आहे, आणि ती तपासायला कुणी जात नाही त्याचं कारणही तेच.

मी भातसानगरचा, धरणाच्या वसाहतीतला. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा आमच्याकडून जातो, हे आम्ही नुसतं अभिमानानं सांगत नाही, रस्ता दाखवतो. धरणातून पाणी नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात, मग ते मुंबईला जातं. एका यंत्राचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असं म्हणणाऱ्यानंही कुठं सोडलं आणि कुठं उचललं ते दाखवावं. इकडेही पाणी आणि तिकडेही पाणी, एवढ्यानं भागत नाही.

आधी तारखा पाहू. ड्रीमकास्ट जपानात आला २७ नोव्हेंबर १९९८ ला आणि अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला. तो बंद करत असल्याचं सेगानं जाहीर केलं ३१ जानेवारी २००१ रोजी. एक्सबॉक्स मात्र बिल गेट्स यांनी जगाला दाखवला १० मार्च २००० रोजी, म्हणजे ड्रीमकास्ट अमेरिकेतल्या दुकानांत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते तेव्हा. त्याच महिन्यात जपानात सोनीचा प्लेस्टेशन २ विक्रीला आला, आणि मायक्रोसॉफ्टची झोप उडवली होती ती त्यानं. सोनी घराघरातल्या दिवाणखान्यात शिरून संगणकाची जागा घेईल, ही ती भीती. एक्सबॉक्सचा घाट घातला सीमस ब्लॅकली, केविन बॅकस, टेड हेस आणि ओट्टो बर्केस यांनी. ही मंडळी डायरेक्टएक्सची, म्हणजे विंडोजवर गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वर्तुळातली. यंत्रही त्यांच्या स्वभावासारखंच निघालं: इंटेलचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ८ जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज २००० चा छाटून बारीक केलेला गाभा. ड्रीमकास्टमध्ये हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर आणि पॉवरव्हीआरची चिप होती. यातलं एकही एक्सबॉक्समध्ये गेलं नाही.

राहिलं ते विंडोज सीईचं चिन्ह. सीई, म्हणजे मायक्रोसॉफ्टची छोट्या यंत्रांसाठीची विंडोज, ड्रीमकास्टमध्ये बसवलेली नव्हती. ज्या गेमला हवी असेल तो ती आपल्या डिस्कवर सोबत घेऊन यायचा. सेगा रॅली २ सारख्या काही गेमनी तसं केलं, बहुतेकांनी सेगाची स्वतःची साधनं वापरली. आणि स्वतःचं यंत्र करायची वेळ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सीई घेतलीच नाही. ज्या चिन्हावर वंशावळवाद्यांची सगळी मदार, ती गोष्ट खुद्द मायक्रोसॉफ्टनं दाराबाहेर ठेवली.

गेमचंही तसंच. जेट सेट रेडिओ फ्यूचर आणि पँझर ड्रॅगून ओर्टा एक्सबॉक्सवर आले. शेनम्यू २ ड्रीमकास्टवर अमेरिकेत कधी निघालाच नाही. तिथल्या लोकांना तो २००२ साली एक्सबॉक्सवर मिळाला. पण सॉनिक गेला निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर. क्रेझी टॅक्सी आणि व्हर्चुआ फायटर ४ गेले प्लेस्टेशन २ वर. सेगाचं यंत्र गेलं होतं, पोट होतं. गिऱ्हाईक दिसेल तिथं माल विकणं भाग होतं. वारस ठरवायचा तर मग तिघांनाही ठरवा. ड्रीमकास्टचे गेम एक्सबॉक्सवर चालावेत म्हणून सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी गेट्सना गळ घातली होती आणि बोलणी फिसकटली, असं सांगितलं जातं. ते खरं धरलं तरी वंशावळवाद्यांच्याच विरोधात जातं: यंत्र तेच असतं तर गळ घालावी लागलीच नसती.

याचा अर्थ काहीच उचललं नाही असा नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘संबंधच नाही’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, आणि ते कंट्रोलरपासून सुरू होतं. दोन्ही कंट्रोलर शेजारी ठेवा. डावीकडे वर फिरती दांडी, तिच्या खाली दिशांची फुली. मागे बोट दाबेल तितका जोर ओळखणारे दोन ट्रिगर. माथ्यावर कार्ड खोचायच्या दोन खाचा. उजवीकडे ए खाली, बी उजवीकडे, एक्स डावीकडे, वाय वर. निन्टेन्डोकडेही हीच चार अक्षरं आहेत, पण तिथं ए उजवीकडे आणि बी खाली. सेगाच्या जुन्या सहा बटणांच्या कंट्रोलरवर खालच्या ओळीत ए-बी-सी आणि वरच्या ओळीत एक्स-वाय-झेड होतं. त्यातले सी आणि झेड काढा, उरलेली चार जरा तिरकी करा, ड्रीमकास्टची मांडणी हातात येते. आणि पहिल्या एक्सबॉक्सच्या त्या अगडबंब कंट्रोलरवर या चारांखेरीज एक काळं आणि एक पांढरं अशी दोन बटणं जास्तीची होती. एकूण पुन्हा सहा! त्यामागे काय विचार होता ते करणारे जाणोत, पण अक्षरांची जागा योगायोगानं जुळत नाही. पाणी इथं उचललेलं दिसतं.

दुसरी जागा याहून मोठी आहे. ड्रीमकास्टनं मोडेम पेटीतच दिला. वेगळा विकत घ्यायची वस्तू म्हणून ठेवला असता तर थोड्यांनीच घेतला असता, आणि थोड्यांसाठी कोण गेम बनवतो? डिसेंबर २००० मध्ये जपानात फँटसी स्टार ऑनलाइन आला, तेव्हा घरच्या फोनलाइनवरून अनोळखी माणसांबरोबर खेळणं ही टीव्हीसमोर बसून करायची गोष्ट झाली. ठरावीक वाक्यं निवडली की समोरच्याला ती त्याच्या भाषेत दिसत. पण प्रदेशागणिक सेवा वेगळी होती, अमेरिकेत सेगानेट, युरोपात ड्रीमअरीना, आणि फोनलाइनचा वेग बेताचा. एक्सबॉक्सनं कल्पना तीच ठेवली, जोडणी प्रत्येक पेटीत. फक्त मायक्रोसॉफ्टच्या जे अॅलर्ड यांच्या आग्रहानं मोडेम काढून इथरनेटचं तोंड दिलं. १५ नोव्हेंबर २००२ ला एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं ते सगळ्या गेमना एकच नाव, एकच मित्रयादी आणि बोलायला हेडसेट घेऊन. ड्रीमकास्ट जिथं अडखळला नेमकी तीच जागा त्यांनी बुजवली. फोनलाइनवाल्यांना मात्र या सुधारणेनं वाऱ्यावर सोडलं. तेव्हा आमच्याकडे टीव्हीचा गेम म्हणजे फुंकर मारून लावायची कॅसेट, त्यामुळे तक्रार करायला आम्ही रांगेतही नव्हतो. मायक्रोसॉफ्टचं यंत्र भारतात रीतसर आलं ते २००६ साली, एक्सबॉक्स ३६०.

मूर यांचा मुद्दाही इथंच बसतो. ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले जानेवारी २००३ मध्ये. पहिला एक्सबॉक्स त्याआधी वर्षभर दुकानांत होता, तेव्हा त्याच्या जन्माशी त्यांचा संबंध जोडणं हास्यास्पद आहे. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी मात्र ते आत होते. तो नोव्हेंबर २००५ मध्ये, प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधी आला. ड्रीमकास्टही प्लेस्टेशन २ च्या आधी आला होता आणि तरी हरला. आधी येणं पुरत नाही, आधी येऊन टिकायला पैसा लागतो. सेगाकडे तो नव्हता. ओकावा यांनी स्वतःची संपत्ती कंपनीत ओतली आणि मार्च २००१ मध्ये ते वारले. ३६० च्या यंत्रांवर लाल कडी पेटून ती बंद पडू लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं जुलै २००७ मध्ये वॉरंटी वाढवायला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. असा एकच घाव सेगाला पुरेसा झाला असता. विक्रीच्या सगळ्या आयुष्यात ड्रीमकास्ट खपला सुमारे ९१ लाख.

आणि वारसा सांगणाऱ्यांना माझा एक शेवटचा सवाल. ड्रीमकास्टच्या दांडीत चुंबकीय सेन्सर होते; आत घासणारा भाग नाही, म्हणून झिजणं नाही. एक्सबॉक्सनं घासणारे पोटेन्शिओमीटर घेतले आणि आजच्या कंट्रोलरच्या दांड्यांतही तेच आहेत. दांडीला हात न लावता खेळाडू आपोआप डावीकडे चालू लागला की दुरुस्तीवाला दांडी उचकटून नवी बसवतो आणि पैसे घेतो. जो गुण १९९८ सालीच तयार होता तो या ‘वारसा’नं का घेतला नाही, याचं उत्तर वंशावळवाद्यांकडून मला अजून मिळालेलं नाही.