माणसे वाढवली म्हणजे काम उरकत नाही

सॉफ्टवेअरचे काम रखडले की पहिला उपाय सुचतो तो माणसे वाढवण्याचा. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात उलटेच बजावले: उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे घातली की उशीर वाढतो. हिशेब सोपा आहे. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १०, तर ५० जणांत १,२२५. शिवाय नव्याला काम समजावण्यात जुन्याचा दिवस जातो, तो वेगळाच. संवाद तुटला तर काय होते, हे १९९९ मध्ये दिसले. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ गमावले गेले, कारण एका चमूचे सॉफ्टवेअर आकडे पौंडांत देत होते आणि दुसरा चमू ते न्यूटनमध्ये धरून चालला होता. यान वाटेवरून ढळत असल्याची शंका काहींना आली होती. तिची तड लागली नाही.

यावर कोणी म्हणेल, बैठकांत वेळ घालवण्यापेक्षा एक हुशार प्रोग्रॅमर परवडला. निरर्थक बैठकांबद्दलची तक्रार रास्तच आहे. पण लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये एकट्याने सुरू केलेले लिनक्स आज हजारोंच्या हातांनी उभे आहे, आणि तिथे इतरांनी तपासल्याशिवाय बदल सहसा स्वीकारला जात नाही. तेव्हा वार्षिक मूल्यमापनात लिहिलेल्या ओळी मोजणाऱ्या व्यवस्थापकांनी, वेळेवर शंका विचारणाऱ्यालाही गुण द्यावेत.