कॅनडांतील मूळ रहिवाशांशीं भागीदारी

कॅनडा देशांत अलीकडे 'आर्थिक समेट' हा शब्द वारंवार कानीं पडतो. तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांस आईबापांपासून तोडून सरकार व ख्रिस्ती मिशनें यांच्या वसतिशाळांत ठेवण्यांत येत असे. त्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या आयोगानें २०१५ सालीं ९४ सूचना केल्या. त्यांपैकीं ९२ वी व्यापारी मंडळींस उद्देशून आहे. मूळ रहिवाशांच्या भूमीवर उद्योग काढण्यापूर्वीं त्यांची दबावावांचून व सर्व माहिती देऊन संमति घ्यावी, आणि उद्योगाचा टिकाऊ लाभ त्यांच्या गांवांस पोंचावा, असा तिचा आशय आहे. हा विषय कारखानदारांचा, शेतकऱ्यांच्या मासिकांत तो कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु या तंट्याचें एक मूळ नांगर व गहूं यांतच आहे, आणि तो चिघळविण्यांत शेतकऱ्यांचाही हात होता, म्हणून आम्ही तो वाचकांपुढें मांडीत आहों.

१८७४ सालच्या चौथ्या तहानें आजच्या सस्कॅचवान प्रांताच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण मुलूख सरकारच्या हातीं गेला. मोबदल्यांत पांच माणसांच्या कुटुंबामागें एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर, राखीव जमीन, शिवाय बियाणें, हातहत्यारें, गुरें, आणि शेती करणाऱ्या दर दहा कुटुंबांमागें एक नांगर व दोन कुळव, असें वचन होतें. रानगव्यांचे कळप संपल्यामुळें क्री वगैरे जमातींस शेतीवांचून दुसरा आधार उरला नव्हता, व त्यांनीं ती नेटानें धरली. कित्येकांनीं भागीनें पैसा जमवून कापणीचीं यंत्रें घेतलीं. हें दृष्टीस पडतांच शेजारचे गोरे शेतकरी कुरकुरूं लागले कीं, सरकारच्या आश्रितांचा माल बाजारांत येऊन आमचा भाव पाडतो.

पुढें जें झालें तें शेतकऱ्यास खरें वाटणार नाहीं. १८८९ सालीं हेटर रीड नांवाच्या अधिकाऱ्यानें असें धोरण घातलें कीं, या लोकांनीं एखादा एकर गहूं व थोडीं कंदमुळें यांवर भागवावें, यंत्रें वापरूं नयेत, विळ्यानें कापावें, काठीनें झोडावें आणि हातजात्यावर दळावें. रानटी स्थितींतून एकदम यंत्रयुगांत उडी मारतां येत नाहीं, हें त्याचें तत्त्वज्ञान! जेथें हिंवाळा लौकर गांठतो आणि चार दिवसांच्या उशिरानें उभें पीक दहिंवरानें जातें, तेथें विळ्यानें गहूं कापणें म्हणजे काय, हें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. १८९७ सालीं हें धोरण मागें पडलें, पण तोंवर अनेकांनीं शेतीच सोडली होती. शिवाय १८८१ च्या कायद्यानें आपल्या शेतांतला दाणा विकण्यास सरकारी एजंटाचा परवाना लागे. पुढें हा नियम व्यवहारांत सुटला तरी कायद्याच्या पुस्तकांतून तो निघाला २०१४ सालीं. राखीव जमीन परक्या सावकारास तारण देतां येत नसे. त्यामुळें ती परक्यांच्या घशांत गेली नाहीं हें खरें, पण पेढ्यांनींही कर्ज दिलें नाहीं. विकूं द्यावयाचें नाहीं, उसनें मिळूं द्यावयाचें नाहीं, आणि मग हे लोक आळशी आहेत म्हणावयाचें, असा हा न्याय होता.

विक्रीचा हक्क किती मोलाचा आहे याचा दुसरा दाखला पूर्व किनाऱ्यावरचा आहे. डॉनल्ड मार्शल या मिकमॅक जमातीच्या मनुष्यानें १९९३ सालीं ४६३ पौंड वाम मासे धरून ७८७ डॉलर १० सेंटांस विकले, म्हणून त्याच्यावर खटला झाला. १९९९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें १७६०-६१ च्या तहांवरून निवाडा दिला कीं, मासे धरून व विकून बेताचा चरितार्थ चालविण्याचा त्या जमातीस हक्क आहे. हा निवाडा होता म्हणूनच पुढची भागीदारी शक्य झाली असें आम्हांस वाटतें. नोव्हा स्कोशियांतील क्लिअरवॉटर ही शेवंड, खेकडे व शिंपले यांचा मोठा व्यापार करणारी कंपनी २०२१ च्या जानेवारींत सुमारें एक अब्ज डॉलरांस विकली गेली. निम्मी प्रीमियम ब्रँड्स या खाद्य कंपनीकडे व निम्मी मिकमॅकांच्या सात जमातींकडे. जमातींनीं आपल्या वांट्यासाठीं २५ कोटी डॉलरांचें तीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज उभारलें, तेंही २००५ च्या कायद्यानें निघालेल्या मूळ रहिवाशांच्याच वित्तसंस्थेकडून. ही देणगी नव्हे, खरेदी आहे. पांचपन्नास नोकऱ्या देऊन 'भागीदार' म्हणविणें आणि मालकीचा निम्मा वांटा लिहून देणें यांत महदंतर आहे.

तरी या सौद्याची आरती ओंवाळण्याची आमची इच्छा नाहीं. बाजार बसला तर तीस वर्षांचें कर्ज सात जमातींच्याच डोक्यावर आहे. शिवाय सौदा ठरण्यापूर्वीं महिनाभर, २०२० च्या ऑक्टोबरांत, मिकमॅक कोळी आपला माल ज्या वखारींत ठेवीत ती जाळण्यांत आली होती. वरच्या करारानें खालच्या किनाऱ्यावरील वैर आपोआप मिटत नाहीं. तहांत कबूल केलेलीं गुरें व नांगर न दिल्याबद्दल २०२४ सालीं सरकारनें नऊ जमातींस सुमारें १.४ अब्ज डॉलर देण्याचें मान्य केलें. देणें फिटलें हें बरें झालें, पण भरपाई म्हणजे भागीदारी नव्हे.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवास वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू बाहेर नेण्याचा पास ग्रामसभेच्या हातीं येण्यास २०११ चा एप्रिल उजाडला. शेतांतील बांबू २०१७ सालीं वनकायद्याच्या 'झाड' या व्याख्येंतून सुटला तेव्हां आम्हां जमीनदार शेतकऱ्यांस ती मोकळीक किती गोड लागली! आतां ग्रामसभांचा बांबू बाजारांत आल्यानें बांधावरच्या बांबूचा भाव पडेल, अशी कुजबूज कोणी केली, तर ती सस्कॅचवानच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या कुरकुरीहून निराळी नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

सहकारी संस्थांनीं ग्रामसभांशीं बांबू, मोह किंवा हिरडा यांचा धंदा करावयाचा असेल, तर दलालाच्या चिठ्ठीवर माल न घेतां ग्रामसभेच्या ठरावानें करार करावा, कच्चा माल घेऊन न थांबतां प्रक्रियेच्या भांडवलांत तिचे भाग ठेवावेत, आणि हिशेबाची वही तिच्या माणसांस केव्हांही पाहूं द्यावी. बांबूची तोड पावसाळ्यानंतर सुरू होते, तेव्हां दराचीं बोलणीं त्यापूर्वीं सभेपुढेंच झालीं पाहिजेत, आणि जेथें गोंडी बोलतात तेथें करारनामा सहीपूर्वीं गोंडींत वाचून दाखविला पाहिजे.