सायकल माहेरीच का राहते?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळची सुट्टी लागलेली, मालवणात पर्यटकांची झुंबड. धाकटी माझ्या सायकलच्या मागच्या सीटवर, थोरला त्याच्या छोट्या सायकलवर माझ्या पुढे, असे आम्ही तिघं वायरीहून बाजाराकडे निघालो होतो. समोरून एक गाडी आली आणि मागूनही एक आली. मागच्या गाडीनं हॉर्न मारला, वेग काही कमी केला नाही. थोरला बिचकला आणि कडेला उतरला. डांबर आणि साईडपट्टी यांच्यामध्ये तिथे वीतभर पायरी पडली आहे. चाक घसरलं, पोर पडलं. गुडघा फुटला, हनुवटीला दोन टाके पडले. गाडी निघून गेली.

माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी रिक्षा थांबवली. माणुसकीला आमच्याकडे तोटा नाही. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला काय काय ऐकावं लागलं! "पोरांका घेवन रस्त्यार मरूक जातंस काय गो?" एका ओळखीच्या काकांनी विचारलं. "घोव मुंबयत, आणि हिका सायकल होयी," हे मागून कुणीतरी. टाके घालताना विचारणा झाली, "रिक्षा का केली नाहीत?" घरी सासूबाई, रात्री मुंबईहून फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच, तू सायकल का नेलीस?

गाडीचा वेग किती होता, हे एकानंही विचारलं नाही. साईडपट्टी भरायचं काम कुणाचं, हेही नाही. जो आला त्यानं आईला दोषी धरलं आणि खटला निकालात काढला. मैत्रिणींनो, याच निकालाविरुद्ध मला अपील करायचं आहे.

शाळकरी मुलीची सायकल आता कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. उलट तिचं कौतुक होतं. बिहार सरकारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. सायकलवाटपाचे समारंभ होतात, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. चांगलंच आहे. आम्हांला त्याचा आनंदच आहे.

पण दहा वर्षांनी त्या मुलीचं आणि त्या सायकलचं काय होतं? आमच्या गटाच्या बैठकीत एकदा आम्ही विचारलं, शाळेत असताना सायकल कोण कोण चालवत होतं? जवळजवळ सगळ्यांचे हात वर. आज कोण चालवतं? दोन-तीन हात, तेही बिचकत. बाकीच्यांची कारणं आम्ही लिहून काढली. साडी. सासरी कुणी चालवत नाही. पोर झालं. लोक हसतात. एकजण म्हणाली, "सायकल आसा गो माझी, म्हायाराक. भाव चालयता."

म्हणजे मुलीला सायकल दिली जाते ती उसनी, लग्नापर्यंत. शाळेत जाणारी मुलगी सायकलवर दिसली की ती प्रगती. तीच मुलगी आई होऊन, आपल्या पोरांना घेऊन सायकलवर दिसली की तो उनाडपणा. तिच्या दोन पायांत काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती तिच्यावरची मालकी.

आणि सायकलची खरी गरज तर तिला आत्ताच असते! २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. याचं कारण आपल्याला माहीत आहे. पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला, घर बाईच्या माथी. अंगणवाडी, शाळा, रेशन, गिरण, आरोग्य केंद्र, बँक, बाजार. कुठलंच ठिकाण फार लांब नाही, एक, दोन, तीन किलोमीटर. पण दिवसातून चार-पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत एक मूल कडेवर, एक बोटाला. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट झालं. हा मोठाच दिलासा. पण एसटी वाडीतून गिरणीपर्यंत जात नाही. रिक्षाचे पैसे रोज कोण देणार?

"मग स्कूटी घे," असं लगेच सांगितलं जातं. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. स्कूटीनं आपल्याकडच्या कितीतरी बायकांना घराबाहेर काढलं आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण स्कूटीला हप्ता लागतो, पेट्रोल लागतं, लायसन लागतं. पेट्रोलचे पैसे ज्याच्या हातात, त्याला "कुठे जातेस?" हे विचारायचा अधिकार आपोआप मिळतो. शिवाय स्कूटीवर पोर नेहमी मागेच बसणार. अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याला क्लासला सोडायचं, आणायचं, पुन्हा सोडायचं. सायकलवरचं पोर दहाव्या-बाराव्या वर्षी स्वतःच्या पायांवर जायला लागतं. मुलांना हिंडायचं स्वातंत्र्य मिळालं की आईचे दोन तास सुटतात, हा हिशेब आपण मांडायला हवा.

हा हिशेब सरकारदरबारी मांडलाच जात नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता, चालत, सायकलनं की बसनं, हा प्रश्न होता. पण तो शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांनाच होता. पोराला शाळेत पोचवणं हे काम नाही, दळण आणणं हे काम नाही, तेव्हा आपल्या फेऱ्या त्या तक्त्यात कुठेच नाहीत. घरात सायकल आहे का, हे विचारलं होतं. ती कोण चालवतं, हे नाही. लांबलेली जनगणना आता २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी रस्ता बांधला जात नाही, हे आपण तोवर तरी ओरडून सांगू या.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप नेहमीचा, कोकणात चढउतार, इथे सायकल चालायची नाही. अहो, सकाळी भोंगा वाजवत पाववाला येतो तो कशावरून? मागे भली मोठी टोपली बांधून तो गावोगाव फिरतो. मासळीवाल्यांनीही वर्षानुवर्षं सायकलवरून मासे विकले. तेव्हा चढ कुणाला आठवला नाही. आणि त्याच काळात आमच्या गाबीत बाया डोक्यावर पाटी घेऊन मैलोन् मैल चालत होत्या. पुरुषाच्या मालाला चाकं मिळाली, बाईच्या मालाला तिचं डोकं! कुंभारमाठाकडे जाताना चढ लागतो हे खरं. मी उतरते आणि ढकलत नेते, त्यात लाज कसली? मालवण ते देवबाग हा किनाऱ्याचा पट्टा तर बहुतेक सपाटच आहे. पाऊस मात्र खरी अडचण. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, धो धो सर आली की पोरांना घेऊन थांबावंच लागतं. पण त्याच पावसात इरलं घेऊन दिवसभर लावणीला वाकायला बाई चालते. तेव्हा कुणी म्हणत नाही, भिजशील, घरी बस.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो मी हसण्यावारी नेत नाही, माझ्या पोराच्या हनुवटीवर त्याची खूण आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ नुसती पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्यांनी काय करायचं, चालणं सोडायचं? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. त्यानंतर तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाड्या वाढत गेल्या. रस्ता तोच, दोन्ही बाजूंना घरं, माड, गडगे आणि शाळेत जाणारी पोरं. पाहुण्यांनी यावं, आमच्या कितीतरी जणींची चूल त्यांच्यावर पेटते. पण पाहुणा घरात शिरताना पायातल्या वहाणा काढतो, तसा गावात शिरताना वेग काढून ठेवायला नको?

याच प्रश्नावर नेदरलँड्समध्ये बायका उभ्या राहिल्या. आज सायकलींचा देश म्हणून त्याचं नाव घेतात. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथेही मोटारींनी रस्ते गिळले होते. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ सुरू झाली. मार्तिये फान पुटेन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्ष. आयाबाया मुलं आणि सायकली घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांनी रस्ते अडवले. मुलांना घरात कोंडा, असं त्या म्हणाल्या नाहीत. गाड्यांना आवरा, म्हणाल्या. सरकारला ऐकावं लागलं. वस्तीतल्या रस्त्यांवर वेग बांधला गेला, सायकलींना वेगळ्या वाटा मिळाल्या, मुलांचे मृत्यू झपाट्यानं घटले. आज तिथे आई पुढच्या पेटीत दोन-तीन पोरं बसवून निघते आणि कुणी वळूनही बघत नाही.

"ते परदेशातलं झालं," असं कुणी म्हणेल, तर तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईला जाऊ. १९९१ साली तिथल्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी सायकल शिकण्याचाही समावेश केला. शेतमजूर बाया, खाणीतल्या बाया, अंगणवाडीच्या बाया सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजार जणी हँडलला झेंडे लावून रस्त्यावर उतरल्या. काही वर्षांतच हा आकडा लाखावर गेल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार आवडते. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा बायांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींना त्याच जास्त सोयीच्या वाटल्या. का? तर मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं! त्यांनाही घाणेरडे शेरे ऐकावे लागले होते. पण त्या एकट्या-दुकट्या नव्हत्या. मी त्या डिसेंबरात एकटी होते, एवढाच फरक.

हे सगळं आत्ताच का बोलायचं, तर शाळांसाठी. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. असल्या छोट्या शाळा आपल्या वाड्यावाड्यांत आहेत. त्या मिटल्या तर पोरांना लांब कोण पोचवणार? गाडी देऊ, म्हणतील. गाडी ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी कोण? वाडीतली शाळा वाचवायची लढाई आणि रस्ता पोरांसाठी मोकळा करायची लढाई, या दोन नाहीत, एकच आहे.

म्हणून आमच्या गटानं काही मागण्या ठरवल्या आहेत. एक, शाळा आणि अंगणवाडीच्या आसपास गाड्यांचा वेग बांधा, गतिरोधक घाला, हंगामात तिथे माणूस उभा करा. दोन, खचलेल्या साईडपट्ट्या पावसाळ्यानंतर लगेच भरा आणि त्यांवर गाड्या लावू देऊ नका. तीन, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात, त्यांतून आयांनाही सायकली द्या, मुलाची सीट आणि साडीगार्डासकट. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू देऊ नका. हे ठराव तिथे मांडा आणि सही करण्याआधी इतिवृत्त वाचून घ्या.

आणि आपण आपलंही करायचं आहे. मूल नीट बसायला लागल्याशिवाय सीटवर घ्यायचं नाही. पाय चाकात जाऊ नये म्हणून पायाशी पत्रा किंवा जाळी लावून घ्यायची, टाचा तिथेच फाटतात. मोठं मूल स्वतःच्या सायकलवर असेल तर ते आपल्या पुढे ठेवायचं, मागे नाही. पदर खोचायचा, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस घालायचा. जिला येत नाही तिला शिकवायचं. आम्ही दर रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानावर जमतो. पहिल्या दिवशी एक पन्नाशीच्या काकी आल्या, चार वेळा पडल्या, पाचव्यांदा मैदानाच्या टोकापर्यंत गेल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "आता नातीक बसवतलंय मागे."

माझा थोरला टाके काढल्यावर आठवडाभर सायकलकडे फिरकला नाही. मग एका सकाळी स्वतःच हवा भरायला बसला. आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं जातो. काका अजून बोलतात. मी आता थांबते आणि त्यांना ती साईडपट्टी दाखवते. ती अजून भरलेली नाही. ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जावर त्यांचीही सही घ्यायचा माझा विचार आहे.

मैत्रिणींनो, तुमची सायकल कुठे आहे? माहेरी असेल तर या सणाला जाल तेव्हा घेऊन या. आणि काय काय ऐकावं लागलं, ते पुढच्या अंकासाठी आम्हांला लिहून पाठवा.