आकाशालाही शेजपाळी हवी

२ एप्रिल २०२२ हा दिवस अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी आकाशात जळत्या रेषा सरकताना पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं. चार दिवस चर्चा झाली आणि आपण विसरलो.

पण जे खाली पडलं त्याहून मोठा प्रश्न वर फिरतोय. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. म्हणजे अहिल्यानगर ते पुणे हे अंतर सोळा सेकंदांत. या वेगात छोटा तुकडाही घात करतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर अमेरिकेचा चालू इरिडियम आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे झाले. चूक कुणाची?

इथेच खरी गोम आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपण करणारा देश थेट जबाबदार. अवकाशात टक्कर झाली तर मात्र दोष सिद्ध करावा लागतो. आणि वाट कोणी द्यायची हा नियमच नसेल, तर दोष सिद्ध कशावर करणार?

आपल्या जिल्ह्यात मुळा-प्रवरेच्या पाटाखाली शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. सात नंबरचा अर्ज भरायचा, शेजपाळीत नंबर आला की पाणी घ्यायचं. भांडणं तिथेही होतात. पण पाळी कुणाची, हे कागदावर असतं. आकाशात प्रत्येकाकडे मोटार आहे, पाळीपत्रक नाही.

समन्वय जमतच नाही, असं मात्र नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान-२ आणि नासाचं यान चंद्राभोवती फिरताना धोकादायकरीत्या जवळ येणार होते. दोन्ही संस्था बोलल्या, इस्रोने आपलं यान थोडं सरकवलं, धोका टळला. चांद्रयान-३ चं उड्डाण तर टक्कर टाळण्यासाठी चार सेकंद पुढे ढकललं होतं. पण हा समजूतदारपणा आहे, बंधन नाही. उपग्रह हजारोंनी वाढत असताना नुसत्या समजूतदारपणावर किती दिवस भागणार?

आणि बोट दाखवताना आपल्याकडेही पाहिलं पाहिजे. मार्च २०१९ मध्ये आपण क्षेपणास्त्राने स्वतःचा उपग्रह फोडला, तेव्हा टाळ्या वाजल्या. तो कमी उंचीवर होता, बहुतेक तुकडे लवकर जळाले. काही मात्र वर फेकले गेले. चीनने २००७ मध्ये केलं ते चूक असेल, तर आपल्यासाठी वेगळा न्याय कशाला?

२०३० पर्यंत कचरा न करणाऱ्या मोहिमा राबवण्याचं भारताने जाहीर केलंय. हे स्वागतार्ह आहे. आता भारताने दोन गोष्टींसाठी आग्रह धरावा: उपग्रह फोडण्याच्या चाचण्यांवर सर्वांना बंदी, आणि वाट कोणी द्यायची याचा लेखी, बंधनकारक नियम. लाडबोरीच्या माणसाने कुठलाही उपग्रह सोडलेला नाही. तरी कडं त्याच्याच शिवारात पडलं.