शेवटचा शब्द भुताचा नको

दिवाळी अंक आणि भूत यांची सोयरीक जुनी आहे. घरात फराळाचा घमघमाट, दारात पणत्या, आणि हातातल्या अंकात मात्र ओसाड वाडा, अमावास्येची रात्र आणि करकरणारे दार! मोठी माणसे ती गोष्ट चकलीबरोबर पचवून टाकतात. प्रश्न येतो तो मुलांचा. या सदराच्या वाचक भगिनी कुठे भेटल्या की हटकून विचारतात, "अहो, आमचा मुलगा सारखी भुताखेतांची पुस्तके वाचतो. वाचू द्यावीत का?"

माझे उत्तर ठरलेले आहे. पुस्तक खुशाल वाचू द्यावे. फक्त त्याचा शेवट काय आहे, तेवढे आपण आधी पाहावे. मुलांना भूत बाधत नाही, शेवट बाधतो.

भुताच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते असे काही पालक म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो योग्यच झाला. पण भगताचे भूत वेगळे आणि गोष्टीतले भूत वेगळे. भगताच्या भुताला कोंबडा लागतो, नारळ लागतो आणि वर दक्षिणाही लागते. गोष्टीतले भूत काही मागत नाही; पुस्तक मिटले की बिनतक्रार कपाटात जाते. निदान जायला हवे. हल्लीच्या काही पुस्तकांतले जात नाही, आणि माझा वाद तेवढ्यापुरताच आहे.

आपण मुलांना अगदी लहानपणी कोणती गोष्ट सांगतो? भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची. नीट पाहिले तर ती भयकथाच आहे. एकटी म्हातारी, दाट रान आणि वाटेत तिला खायला टपलेला वाघ! तीन वर्षांचे पोर डोळे विस्फारून ती ऐकते आणि संपली की "पुन्हा सांग" म्हणते. का? तर म्हातारी वाघाला फसवते म्हणून. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत तर चेटकीण मुलांना भाजून खायला निघते. याहून भयंकर ते काय असायचे? पण तिला भट्टीत ढकलते ती छोटी ग्रेटेलच. कोणी राजपुत्र धावून येत नाही.

मग काय, शेवटी भूत मेलेच पाहिजे? मुळीच नाही. आपला वेताळच पाहा ना. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त तो पंचवीस गोष्टी सांगतो आणि राजा बोलला की पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. १९५२ साली मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'ने तर पंचवीसावर न थांबता वेताळाच्या शेकडो गोष्टी छापल्या. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला शंकर या चित्रकाराचा तो राजा अनेकांना आजही आठवत असेल. तो अंक आता निघत नाही. पण वर्षानुवर्षे दर महिन्याला वेताळ निसटून झाडावर जात राहिला, आणि त्यापायी कोणा मुलाची झोप उडाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही. याचे कारण सोपे आहे. वेताळ झाडाकडे परतला की राजाही झाडाकडे परततो. पुढच्या महिन्याची गोष्ट राजाच्या पावलांनीच सुरू व्हायची.

तेव्हा भूत परत आले तरी माझी हरकत नाही. त्यानंतरची खेळी मात्र माणसाची हवी. शेवटचा शब्द भुताचा नको.

हे नुसते घरबसल्या सुचलेले मत नव्हे. त्याचा प्रत्यय मला गेल्या ज्येष्ठात पेण तालुक्यातल्या जोहे गावी आला. तिथे माझी धाकटी बहीण असते. हमरापूर आणि जोहे ही गणपतीची गावे. जिकडे पाहावे तिकडे मूर्तींचे कारखाने, आणि त्या दिवसांत कामाची नुसती झुंबड. साच्यातून काढलेले पांढरे गणपती शेडमध्ये ओळीने उभे असतात. अंगावर रंग नाही, चेहऱ्यावर डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी हे सगळ्यांत कसबाचे काम, ते मागाहून व्हायचे. दिवसा हे पाहायला मोठे छान वाटते. संध्याकाळी दिवे गेले की मात्र मोठ्या माणसालाही तिथून दोन पावले भरभर टाकावीशी वाटतात.

बहिणीचा नातू सहावीत आहे, पेणला इंग्रजी शाळेत जातो. त्याने वर्गमित्राकडून एक पुस्तक वाचायला आणले होते. आर. एल. स्टाइन या अमेरिकन लेखकाच्या 'गूजबम्प्स' मालिकेतले 'स्टे आउट ऑफ द बेसमेंट', म्हणजे 'तळघरात जाऊ नका'. पुस्तक १९९२ सालचे. त्यात मार्गारेट नावाच्या मुलीचे वडील वनस्पतिशास्त्रज्ञ असतात. ते तळघरात कसलेसे प्रयोग करतात आणि मुलांना तिकडे फिरकू देत नाहीत. हळूहळू कळते, की घरात वावरणारे हे वडील नव्हेतच. ती वनस्पतीपासून झालेली त्यांची नक्कल आहे. खरे वडील तळघरात डांबलेले असतात. दोघे समोरासमोर आल्यावर मार्गारेट रक्ताच्या रंगावरून खरा बाप ओळखते. इथवर पुस्तक झकास आहे. पण शेवटच्या पानावर बागेतले एक फूल तिच्या पायाला स्पर्श करून कुजबुजते, की तुझा खरा बाप मीच! पुस्तक संपले.

त्या दिवसापासून आमच्या चिरंजिवांचे वर्तन बदलले. दिवेलागणीनंतर तो शेडकडे फिरकेना. ते एक वेळ ठीक होते. पण तो जेवायला बापाशेजारीही बसेना. बाप बिचारा रात्री दहाला शेडमधून यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टरने पांढरा झालेला. मुलगा ताट घेऊन आजीच्या पाठीशी सरकायचा.

"पोरगा माझ्याकडं बघत पण नाय," एवढेच तो एका रात्री बायकोला म्हणाला आणि हात धुवायला उठला. हंगामात रोज चौदा-चौदा तास राबणाऱ्या माणसाला ते किती लागले असेल, हे त्याच्या पाठीकडे पाहूनही समजत होते.

मी नातवाला हळूच विचारले. तो म्हणाला, "आजी, एका साच्यातून चाळीस गणपती काढले ना, तर त्यातला पहिला कोणता हे बाबांनापण सांगता येत नाही."

वाचकहो, साचेवाल्याच्या घरातल्या मुलाने त्या शेवटाचा किती नीट अर्थ लावला होता पाहा!

"मावशी, ते पुस्तक मी चुलीत घालते बघा," सून म्हणाली. मी तिला थांबवले. एक तर पुस्तक लोकांचे. दुसरे म्हणजे, पुस्तक जळले तरी शेवट तोच राहणार. मी मुलालाच विचारले, "मग पुढे काय झाले रे?"

"पुढे काही नाही. पुस्तक संपले."

"पुस्तक संपले. मार्गारेट संपली का? फुलाने एवढे विचित्र बोलल्यावर ती नुसती उभी राहिली?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या रात्री मात्र जेवताना त्याने एकदम बापाला विचारले, "बाबा, मी दुसरीत असताना मला ताप आला होता. तेव्हा मी काय मागितले होते?"

बापाने मान वर न करता भात कालवता कालवता सांगितले, "कलिंगड. भर श्रावणात. आख्खं पेण पालथं घातलं त्याच्यापायी."

मुलगा ताट घेऊन उठला आणि बापाच्या शेजारी जाऊन बसला. कोणी काही बोलले नाही. बहिणीने दोघांना आमटी वाढली.

पुस्तक परत करण्याआधी मी सहज उघडले. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने, मराठीत, तीन ओळी लिहिल्या होत्या. मार्गारेट फुलाला म्हणाली, खरा असशील तर सांग, तापात मी काय मागितले होते? फूल गप्प बसले. मग ती घरात जेवायला गेली. एवढेच.

मला विचाराल तर मूळ पुस्तकात जे राहून गेले होते ते या तीन ओळींनी भरून काढले. मार्गारेटने आपल्या अकलेने बाप ओळखला होता. शेवटच्या पानाने तिची ती कमाई काढून घेतली होती. या मुलाने ती तिला परत मिळवून दिली.

स्टाइनसाहेबांवर अन्याय नको. हा गृहस्थ मूळचा मुलांसाठी विनोदी पुस्तके लिहिणारा. १९९२ ते १९९७ या काळात त्याने या मालिकेची ६२ पुस्तके काढली. त्याचा शेवटचा झटका हा भयापेक्षा विनोदाच्या जातीचा असतो; चुटक्याची शेवटची ओळ असते ना, तसा. दहा पुस्तके वाचलेले पोर त्याला हसते. पण पहिले पुस्तक वाचणाऱ्याला तो चुटका आहे हे कोणी सांगायचे? खुद्द स्टाइनलाही वाचकांनी एकदा हिसका दाखवला होता. थोड्या मोठ्या मुलांसाठी लिहिलेल्या त्याच्या 'द बेस्ट फ्रेंड' या कादंबरीत दुष्ट मुलगी सहीसलामत सुटते आणि निरपराध मुलगी अडकते. मुलांनी रागाची पत्रे लिहून त्याला भंडावून सोडले, आणि शेवटी त्याला त्या कादंबरीचा दुसरा भाग लिहावा लागला. मुलांना न्यायाची चाड आपल्यापेक्षा जास्त असते.

याच्या उलट टोकाचा शेवट म्हणजे "आणि बंडू जागा झाला. ते सारे स्वप्न होते!" पालकांना हा फार आवडतो. मला तो त्याहून वाईट वाटतो. बंडूने दोनशे पाने जिवावर उदार होऊन जे केले, ते सारे एका वाक्यात पुसून टाकायचे? भूत खोटे ठरले त्याचे काही नाही. पण त्याबरोबर बंडूचे धैर्यही खोटे ठरले. त्यापेक्षा वाड्यातल्या भुताच्या चादरीखाली चोर निघतो तो शेवट पुष्कळ बरा. निदान चादर ओढायला कोणीतरी हात पुढे केलेला असतो.

आपल्याकडच्या जाणत्यांना हे भान होते. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्या मोठ्यांसाठी असूनही कित्येक मुलांनी पांघरुणात चोरून वाचल्या. त्यांचा 'समर्थ' दुष्ट शक्तींपुढे ठाम उभा राहायचा, त्याचा त्या मुलांना आधार वाटे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचे उदाहरण तर फारच बोलके. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिताना त्यांनी वाचकाला अस्वस्थ करून सोडले. त्याच हाताने मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिताना मात्र त्यांनी चिंचि चेटकीण अशी रंगवली, की मुले तिला घाबरतातही आणि नाटकभर हसतातही. मोठ्यांचे दार त्यांनी उघडे ठेवले, मुलांचे नीट लावून घेतले. मोठ्या माणसाला जग अर्धवट असते हे ठाऊक असते. मुलाला ते कळायला वेळ द्यावा लागतो.

तेव्हा या सुट्टीत मुलांना पुस्तके घ्यायला जाल, तर मुखपृष्ठावरच्या कवटीला भिऊ नका. दुकानात उभ्या उभ्या शेवटची दोन पाने वाचा. मुलगा किंवा मुलगी तिथे काही करते आहे ना, एवढेच पाहा. भूत पळो, मरो की झाडावर जाऊन बसो, ते त्याचे तो पाहून घेईल. आणि घरात आधीच आलेल्या एखाद्या पुस्तकाचा शेवट मुलाला छळत असेल, तर पुस्तक हिसकावू नका. त्याच्या हाती एक पेन्सिल द्या आणि विचारा, "मग पुढे काय झाले?"