ही गोष्ट चव्हाट्यावर गेलीच पाहिजे

मंडळीतल्या पाळकाविरुद्ध किंवा फादरविरुद्ध एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल तोंड उघडलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो : 'घरातली गोष्ट घरातच मिटवू या.' असं सांगणारे बहुतेक जण मंडळीवर जीव लावणारे वडीलधारे असतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं मुळापासून खोडून काढायला हवं.

त्यांचा पहिला आधार शास्त्राचा. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला समजवा, असं मत्तयाच्या १८ व्या अध्यायात आहे. पण तो अध्याय वरपासून वाचावा. त्याच्या आरंभी येशू एका लेकराला शिष्यांच्या मधोमध उभं करतो, आणि लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची भाषा करतो. एकांतातली समजूत बरोबरीच्या भावांसाठी आहे. बारा वर्षांच्या पोराने अत्याचार करणाऱ्यालाच एकट्याने गाठावं, असा अर्थ त्यातून काढणं हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. कोर्टाची पायरी चढू नये म्हणून पौलाचं नाव घेतात. त्याच पौलाने रोमन सुभेदार फेस्तापुढे उभं राहून कैसराकडे दाद मागितली होती.

दुसरा आक्षेप : बाहेर कळलं तर देवाच्या कामाला धक्का बसेल. इंग्लंडमध्ये हेच म्हटलं गेलं. जॉन स्मिथ हा नामांकित बॅरिस्टर, मुलांच्या ख्रिस्ती शिबिरांचा पुढारी. विंचेस्टरजवळच्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये तो शाळकरी मुलांना आणि केंब्रिजच्या तरुणांना पापक्षालनाच्या नावाखाली रक्त येईपर्यंत छडीने फोडून काढी. त्यातले काही कायद्याने सज्ञान होते, पण त्याच्या आध्यात्मिक धाकापुढे वयाचा उपयोग झाला नाही. १९८२ मध्ये शिबिरवाल्यांनीच याचा लेखी अहवाल तयार केला. तो पोलिसांकडे गेला नाही. १९८४ मध्ये स्मिथ झिंबाब्वेला गेला आणि तिथे नवी शिबिरं भरवू लागला. १९९२ मध्ये तिथल्या एका शिबिरात १६ वर्षांच्या मुलाचा मृतदेह पोहण्याच्या तलावात सापडला. स्मिथ २०१८ मध्ये केपटाउनला शिक्षेविना मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेकिन अहवाल आला आणि कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावं लागलं. बदनामी टळली नाहीच. मधल्या काळात दुसऱ्या खंडातली मुलं मात्र त्याच्या हाती लागली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपण इथे मूठभर, आधीच संशयाच्या नजरेखाली. अशा तक्रारी म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत. ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत कोण मोजतं? समाजाची अब्रू राखायचं ओझं आपण त्यातल्या सर्वांत अशक्त जिवाच्या खांद्यावर टाकतो. तोही आपल्याच समाजाचा आहे, आपल्याच वेदीपाशी बाप्तिस्मा झालेला. 'क्षमा कर' असं त्याला सांगण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. क्षमा केलीच, तरी गुन्ह्याचा तपास थांबत नाही.

आणि तक्रार खोटी निघाली तर? ते ठरवायला पोलीस आणि न्यायालय आहे, पंचायतीतले काका-मामा नव्हेत. माहिती द्यावी की नाही, याची आपल्याकडे मोकळीकही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या फर्मानानेही प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची खुली, लोकांना सहज गाठता येईल अशी व्यवस्था करायला लावली.

मग करायचं काय? संडे स्कूलच्या वर्गात मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत. वर्गाच्या दाराला काच हवी. बदली होऊन येणाऱ्या पाळकाविषयी आधीच्या मंडळीकडे लेखी चौकशी व्हावी. तक्रार ऐकणाऱ्या समितीत मंडळीबाहेरची एक तरी जाणकार बाई असावी. चर्चच्या रेशनवर घर चालवणारी विधवा आणि वसतिगृहातला मूकबधिर तरुणही याच संरक्षणात यावेत, कारण 'नाही' म्हणणं त्यांनाही परवडत नाही.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर आपल्या चर्चचा सूचनाफलक पाहा. सणाच्या वर्गणीशेजारी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर तिथे नसेल, तर त्याच दिवशी पाळकांना भेटून तो लावून घ्या.